थोरल्याचं वाडगं

रिकामं वाडगं खाली ठेवून म्हाताऱ्या दुहैमने मिशांवरचा फेस पुसला. "शुऐलाच्या दुधाची सर कशालाच नाही," तो पाहुण्यांना म्हणाला.

समोर बसलेल्या मुतलकच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाडग्यात शुऐलाचं दूध नव्हतंच.

शुऐला ही थोरल्या नायिफची उंटीण, दहमा ही धाकट्या मुतलकची. बापाचं सकाळचं वाडगं थोरल्या मुलाच्याच उंटिणीचं असायचं; दुहैमच्या घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यात बदल मागायची सोय कुणालाच नव्हती, खुद्द बापालाही नाही. मुतलक चाळिशीला आला होता आणि वीस वर्षं ते वाडगं दुरून बघत होता. 'माझा नायिफ, माझ्या नायिफची शुऐला' हे ऐकलं की त्याच्या पोटात दुखायचं. सख्ख्या भावाला तो पाण्यात पाहायचा, हे वाळवंटातल्या त्यांच्या सगळ्या तळाला माहीत होतं.

नायिफ पंधरा दिवसांसाठी बुरैदाच्या उंटबाजाराला निघाला तेव्हा म्हणाला, "बाबांचं वाडगं सांभाळ रे. शुऐलाला धार काढताना लाथ मारायची खोड आहे, जरा बेतानं."

"आता दूध काढायला तू मला शिकव," मुतलक म्हणाला.

दुसऱ्याच सकाळी त्याने दहमाची धार काढली. तिच्या नाकाला थोडं पाणी सुटलं होतं. थंडीचे दिवस, चालायचंच. दूध तापवायचा प्रश्नच नव्हता. तापवलेलं दूध पुढे करणं म्हणजे उंटिणीचा अपमान आणि पिणाऱ्याचाही. नायिफ परतला की सगळ्यांदेखत सांगायचं: बाबा, इतके दिवस तुम्ही वाखाणलंत ते दहमाचं दूध. हे वाक्य मुतलकने पाठ करून ठेवलं होतं.

ते म्हणायची वेळच आली नाही. नायिफ परतला त्याच दिवशी बापाला ताप भरला, दोन दिवसांत धाप लागली. शहरातल्या इस्पितळात निदान झालं: उंटांकडून माणसांत येणारा कोरोना. म्हाताऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

पशुवैद्य नाकतोंड झाकून तळावर आला. "तुमच्या वडिलांना विचारलं आम्ही. फक्त शुऐलाचं दूध प्यायलो म्हणतात."

शुऐलाच्या नाकातला नमुना घेऊन तिला वेगळ्या कुंपणात कोंडलं. नायिफ कुंपणाला धरून रडला. "माझ्याच उंटिणीनं घात केला रे बाबांचा."

मुतलकने दहमाचं नाव काढलं नाही. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. आणि संतापही आला. मरणाच्या दारातसुद्धा म्हाताऱ्याच्या तोंडी शुऐलाच.

चौथ्या दिवशी पशुवैद्य परत आला. "शुऐलात काही सापडलं नाही. आणखी कुणाचं दूध प्यायले का ते? नीट आठवा. खरं कळलं नाही, तर तुमच्यापैकीच कुणाचा तरी नंबर लागेल."

नायिफची पोरं दहमाच्या दोराशी खेळत होती. मुतलकने त्यांच्याकडे बघितलं आणि मग दहमाकडे बोट केलं.

"तू?" नायिफ एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी मुतलक इस्पितळात गेला. आत जायला बंदी होती. काचेपलीकडे बाप उशांना टेकून बसला होता, आज जरा हुशारी वाटत होती. परिचारिकेने त्याच्या कानाशी फोन धरला.

"बाबा, ते दूध दहमाचं होतं. मी फसवलं तुम्हाला."

"ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्या घोटाला. सत्तर वर्षं पितोय, मला चव कळणार नाही होय?"

मुतलकचा आवाज चढला. "मग रोज पाहुण्यांपुढे शुऐलाचे गोडवे का गात होतात?"

म्हाताऱ्याने दोनदा श्वास घेतला.

"शुऐलाचं नाव घेतलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी तू दहमाचं आणलं असतंस का?"