लॉनमधली घूस

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि टॉवरपुढे बिल्डरने हिरवंगार लॉन दिलं. महिन्याभरात एका घुशीने त्या लॉनची चाळण केली. रोज सकाळी नवं बीळ, मातीचा नवा ढीग. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरी आकांक्षा मॅडमनी पिंजरा आणला, आत गरम बटाटावडा अडकवला आणि तिसऱ्या दिवशी घूस सापडली. मांजराएवढी!

अख्खा टॉवर बघायला खाली उतरला. कोणी फोटो काढले, कोणी रील. हिला आता मारणार म्हणून पोरं रडायला लागली, तेव्हा मॅडमनी जाहीर केलं, "कोणी मारत नाहीये हिला. शिवडीच्या खाडीकडे नेऊन सोडणार. इथल्यापेक्षा मोठी जागा मिळेल तिला."

"परत कधी आणणार?"

हे विचारलं धोंडूआजोबांनी. आमच्या चाळीतले सगळ्यात जुने भाडेकरू. 'दोन वर्षांत परत आणतो' म्हणून बिल्डरने त्यांना ट्रान्झिट कॅम्पात पाठवलं होतं. परत यायला अकरा वर्षं लागली.

"परत कशाला आणायची, आजोबा?" मॅडम हसल्या.

आजोबा काठी टेकत पुढे आले, पिंजऱ्यापाशी वाकले आणि घुशीला हळूच म्हणाले,



"वड्याच्या वासान आत गेलंस मा गो बाये? आमी पण बिल्डराची बिर्याणी खावनच सही केलली."