आतली कडी

शेवटच्या स्क्रूपाशी सुतार अडला. स्क्रूला गंज चढला होता.

"वहिनी, थोडं तेल देता का?"

तिने स्वयंपाकघरातून वाटीत तेल आणून दिलं. आपल्याच बाथरूमची कडी निघावी म्हणून आपणच तेल आणून देणारी बाई शहाणी म्हणावी की वेडी, असं तिच्या मनात आलं. पण या घरात हल्ली तो प्रश्न मोठ्याने विचारायची सोय नव्हती.

"नवी कुठली बसवू?" सुताराने विचारलं.

"नवी नको," नवरा म्हणाला. "भोकं बुजवून टाका."

सुताराने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान खाली घालून पेचकस फिरवू लागला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घडलं होतं एवढंच, की परवा ती आत जाऊन बसली आणि बाहेरून हाका आल्या तरी तिने ओ दिली नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, घरी आलं की घरच्यांच्या. झोप तर कधीचीच उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता. त्या कडीआड स्टुलावर बसलं की तेवढंच बरं वाटायचं. परवा नवऱ्याने दार बडवलं, शेजारी गोळा झाले. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. माणूस वाईट नव्हता. कडी लागलेली दिसली की त्याच्या डोळ्यांपुढे नको ते यायचं, आणि कडी निघाली तर आपण जायचं कुठे, या विचाराने ती धास्तावली होती. हे त्याला सांगायचं कसं, ते तिला कळत नव्हतं.

सुतार गेला. "आता घाबरायचं कारण नाही," नवरा म्हणाला. कुणी, ते त्याने सांगितलं नाही.

ती तोंड धुवायला आत निघाली.

"दार नुसतं लोटून घे. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं. आवाज आला की झालं."

ती स्टुलावर बसली आणि दाराला पाय लावला. मनात होतं ते बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. "अहो, बोलतेय," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग शब्द संपले. बाहेर त्याच्या चपला दाराजवळ सरकल्या. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि घाईघाईत वर्षानुवर्षांच्या सवयीने जीभच बोलून गेली:

"नमस्कार. आपली तक्रार आम्हाला समजली आहे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपण लाइनवर आहात ना?"

दार धाडकन आत आलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. ऑफिसचं आहे, तोंडात बसलंय." आणि तिला हसू फुटलं. हसायला नको होतं. त्याने एकदा तिच्याकडे नीट पाहिलं, खिशातून फोन काढला आणि बाल्कनीत गेला. "डॉक्टर आहेत का? अर्जंट आहे. हो, थांबतो."

सासूबाई पॅसेजमध्ये घड्या केलेले कपडे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरं सांग. काय करतेस आत?"

"काही नाही, आई. बसते."

"नुसती?"

"नुसती."

"मनात काही वेडंवाकडं येतं?"

इतकं सरळ तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. काल दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनीसुद्धा नवऱ्यालाच विचारलं होतं.

"येतं कधी कधी. रात्री येतं. आत बसलं की उलट जरा निवतं."

सासूबाईंनी हातातल्या कपड्यांवरून हात फिरवला.

"मी धुतलेले कपडे परत धुवायचे," त्या म्हणाल्या. "धुवायला बसलं की कुणी हाक मारायचं नाही. तुझे सासरे म्हणायचे, हिला स्वच्छतेचं भारी वेड."

त्यांनी ती घड्यांची चळत सुनेच्या हातात दिली, आत गेल्या, आणि दार लोटून घेतलं. "येऊ देऊ नकोस कुणाला," एवढं आतून आलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आत सगळं चिडीचूप होतं. हाक मारावी असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ओठ दाबून धरले.

नवरा फोन कानाला लावूनच आला. "आई कुठंय?"

"आत."

"आत काय करतेय? आई? अगं, बोल काहीतरी."

आतून आवाज नाही. त्याने दार ढकलायला हात पुढे केला. ती हलली नाही.

"बसल्यात," ती म्हणाली. "बसू द्या त्यांना."

"अगं पण तिला झालंय काय?"

"दमल्यात."

तेवढ्यात डॉक्टर फोनवर आले. पलीकडचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू आला. डॉक्टर म्हणत होते, "हं, पेशंटकडे द्या फोन."

नवऱ्याने फोन तिच्यापुढे धरला. मग तिच्या खांद्यावरून बंद दाराकडे पाहिलं. फोन तसाच हवेत राहिला आणि डॉक्टर पुन्हा म्हणाले, "हॅलो? पेशंटकडे देताय ना?"