पिल्लाचं पाणी

कुत्र्याच्या पिल्लाला औषध दिलं की चार दिवस बरं, मग पुन्हा जुलाब. सूनबाईंचा जीव तीळ तीळ तुटत होता.

"जंतू पाण्यातून जातायत पोटात. पाणी कुठलं देता?" प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही पितो तेच, फिल्टरचं!"

घरी येताच पिल्लू मागच्या खोलीत पळालं. तिथे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या उशाशी ती रोज पातेलंभर नळाचं पाणी ठेवायची. पिल्लाने त्यातच तोंड घातलं.

"एवढं पिल्लूच काय ते येतं माझ्याकडे," सासरे हसले. "सूनबाई, माझंही पोट महिनाभर बिघडलंय गं."

"अगं बाई, म्हणजे इथून होतंय होय!" तिने पिल्लाला छातीशी धरलं.


बाहेर आली, आणि खोलीला कडी लावून टाकली.