तपासणीची रांग

“तुम्हा तपासणाऱ्यांमुळे माझा भाऊ घरी बसला!” आम्रपाली ओरडली आणि हॉलमधली कुजबुज थांबली.

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये रविवारी दुपारी लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली वापरणाऱ्यांची बैठक भरली होती. ती ज्याच्यावर ओरडली तो भीमराज चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तो लोकांनी पाठवलेली सॉफ्टवेअर तपासायचा, फुकट. तपासणीत पास झाल्याशिवाय लिनक्सच्या अधिकृत भांडारात, जिथून सगळे सॉफ्टवेअर उतरवून घेत, काहीच जात नसे.

आम्रपालीचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवायचं. ते तिनं भावासाठी, बुद्धरत्नसाठी लिहिलं होतं. कंपनीत ॲसिड उडून त्याचे डोळे गेले होते. निगडीच्या एका केंद्रात त्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जागा मिळाली, पण तिथल्या मशिनवर भांडाराबाहेरचं काही टाकायला बंदी. तिथला मजकूर वाचून दाखवणारा इंग्रजी आवाज त्याला कळेना. बाकीचे टाइप करत, हा मांडीवर हात ठेवून बसे. गेल्या आठवड्यात केंद्रानं त्याची जागा दुसऱ्याला दिली.

“वर्ष होत आलं. कधी लायसन्सची ओळ चुकली, कधी नावातलं अक्षर. सगळं दुरुस्त करून दिलं. मग तर उत्तरच बंद! कसला एवढा माज आहे तुम्हाला?”

भीमराजनं समोरच्या लॅपटॉपवरून मान वर केली.

“ताई, तपासणारे आम्ही दोघंच होतो. तुमचं काम साहेबरावकडे होतं. त्यानं सोडलं.”

“का सोडलं?”

“तुम्ही आपल्या लिनक्सच्या ग्रुपवर त्याचं नाव घेऊन लिहिलंत. हरामखोर म्हणालात. मग सगळेच तुटून पडले. त्याच्या बायकोच्या फोनवरसुद्धा शिव्या आल्या.” भीमराजचाही आवाज आता चढला. “त्या दिवशी त्याच्यासमोर तुमचंच सॉफ्टवेअर उघडं होतं. सगळं बरोबर आहे, असं सांगितलं होतं त्यानं मला. फक्त मंजुरी द्यायची राहिली होती.”

“मग तुम्ही द्या!”

“न तपासता मी काही पास करत नाही. आणि तुमच्याआधी रांगेत माणसं आहेत. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल.”

आम्रपालीनं तिथूनच साहेबरावला फोन लावला. त्यानं कट केला. परत लावला, परत कट केला. तिचा राग गेला नव्हता. तो आता कुणावर काढायचा, तेवढं कळेनासं झालं होतं.

“तपासायला काय काय यावं लागतं?” तिनं तुसड्या आवाजातच विचारलं.

“शिकवतो. पण स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतःला पास करता येत नाही, हे आधीच सांगतो.”

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या लॅपटॉपसमोर बसली.

“पहिला नंबर कुणाचा आहे? उघडा.”