सोळा मार्चची फाइल

"खटला चौदा महिने चालला, तेलंगसाहेब. तेवढे महिने पुसावे लागतील," कोर्टाच्या विस्मरण कक्षातला बोरकर खुर्चीचा पट्टा आवळत म्हणाला. "कंपनीची गुपितं वकिलाच्या डोक्यात उरता कामा नयेत."

"नियम ठाऊक आहे रे. सव्वीस वेळा बसलोय इथे, असं तूच सांगतोस." तेलंगांनी पट्ट्यावरचा त्याचा हात धरला. "फक्त सोळा मार्च राहू दे. त्या दिवशी माझी नलू गेली."

"ज्या दिवशी फाइल उघडली नसेल, तो दिवस ठेवता येतो." बोरकरने नोंदी चाळल्या. "पण साहेब, चौदा महिन्यांत असा एकही दिवस नाही. सोळा मार्चलाही तुम्ही दोन तास वाचत होतात. हॉस्पिटलातच."

"तिचा डोळा लागला होता," तेलंग पुटपुटले. "म्हटलं, तेवढ्यात उलटतपासणीचे प्रश्न काढून होतील."

बोरकरने मान खाली घालून बटण दाबलं.

काही वेळाने तेलंगांनी डोळे उघडले. "काय रे, जिंकलो का हरलो?"

"जिंकलात, साहेब."

"वा!" त्यांनी हसत खिशातून फोन काढला. "थांब, आधी नलूला कळवतो."