कपाटाचं खुराडं

"कडी आतून?" फोरमननं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, कडी आतून लावलीस? रात्री कोंबड्या उठून दार लावून घेणार आहेत का?"

"मग तुम्ही लावा बाहेरून," बायको म्हणाली. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात देऊन ती आत गेली.

फोरमनला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्याला अजून फोरमनच म्हणत. घरातही तो फोरमनच होता. बायकोनं निवडलेल्या पडद्यापासून तिनं बांधलेल्या गाठोड्यापर्यंत सगळ्यात त्याला खोट दिसायची, आणि दिसली की बोलून दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. पूर्वी ती उलट उत्तर द्यायची, भांडायची, मग दोघं हसायची. मुलं आपापल्या घरी गेल्यापासून ती नुसती "बरं" म्हणायची.

कोंबड्यांचं खूळ तिचंच. अंड्यांच्या कारखान्यात पिंजऱ्यात आयुष्य काढलेल्या आणि अंडी कमी झाली म्हणून खाटकाकडे निघालेल्या कोंबड्या एक संस्था सोडवून आणायची आणि लोकांना सांभाळायला द्यायची. हिनं न विचारता चार सांगून टाकल्या. संस्थेच्या बाई आज दुपारी त्यांना घेऊनच येणार होत्या. जागा पसंत पडली तर ठेवून जाणार, नाही तर परत नेणार. त्यांना घेणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे परत नेऊन काय होणार ते उघडच होतं.

"आयुष्यात कधी चिमणी पाळली नाही आपण!" फोरमन आठवडाभर करवादत होता. पण त्याच्या हाताखालचं काम आजवर कधी नापास झालं नव्हतं, आणि आता चार जीव टांगणीला होते. त्यानं कडी बाहेरून लावली. तिनं आणलेली जाळी मुंगूस आरामात शिरेल इतक्या मोठ्या भोकांची होती, ती बदलली. कोंबड्यांना चढायची फळी शिडीसारखी उभी होती, तिला उतार दिला.

खुराडं तिच्या कपाटाचं होतं. लग्नानंतर दोघांनी घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. हातगाडीवरून दोघांनीच ढकलत आणली होती. वळणावर कपाट कलंडलं, तेव्हा भर रस्त्यात बसून दोघं पोट धरधरून हसली होती. त्याला हवेसाठी भोक पाडता पाडता फोरमनला ते आठवलं, आणि आणखीच राग आला.

"एवढं चांगलं कपाट! आणि तुझे कपडे?"

"बॅगेत भरलेत."

"कपडे बॅगेत आणि कपाटात कोंबड्या. वा!"

"अहो, आत या जरा," तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "भात लावायचाय."

"मग लाव की."

"तुम्ही लावा. त्यांच्या चोची कापलेल्या असतात, दाणे टिपता येत नाहीत. मऊ भातात भरडा कालवून द्यायचा."

"मी? तू कशाला आहेस?"

"माझा भात जन्मभर तुम्हाला कधी चिकट लागला, कधी फडफडीत. कोंबड्यांना तरी नीट मिळू दे."

फोरमन चरफडत गॅसपाशी उभा राहिला. "तांदूळ कुठेत?"

"खालच्या कप्प्यात डावीकडे. डाळी त्याच्या मागे. चहा-साखर वर."

"कोंबड्या चहा घेतात?"

"सांगून ठेवलं."

पहिला भात करपला. दुसऱ्याची खळ झाली. ती बाजूला स्टुलावर बसून होती. हात लावेल तर शपथ! तिसऱ्यांदा भात उतरला, तेव्हा त्यानं बोटानं चाखून पाहिला.

"मीठ?"

"कोंबड्यांना नको. माणसांना घालायचं, एक लहान चमचा."

"एवढं कळतं मला!"

"बरं," ती म्हणाली. "पहिले काही दिवस संध्याकाळी त्यांना उचलून आत ठेवा. आणि सकाळी दार उघडलं तरी लगेच बाहेर येणार नाहीत. ओढायचं नाही."

"दार उघडं दिसलं की बाहेर पडायचं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"वेळ लागतो," ती म्हणाली.

संस्थेच्या बाई आल्या. टोपलीतल्या कोंबड्या बघून फोरमनचं तोंड उघडंच राहिलं. अंगावर धड पिसं नाहीत, माना उघड्या, तुरे फिके. बाईंनी जाळीतून बोट घालून पाहिलं, कडी हिसकून पाहिली, फळीचा उतार पाहिला. मग एकेक प्रश्न. खाणं कोण करणार? घाण कोण काढणार? आजारी पडली तर?

"मी," फोरमन म्हणत गेला. "मी. मीच." बायकोला विचारायच्या आत तो बोलत होता.

बाईंनी भाताचं पातेलं उघडून पाहिलं आणि त्या हसल्या. "पास, काका. उत्तम काम आहे."

बाईंनी एक कोंबडी त्याच्या हातांत दिली. पिसांपेक्षा हाडंच जास्त. तिचं काळीज त्याच्या तळव्यावर धडधडत होतं. त्यानं तिला सदऱ्याशी धरलं. कित्येक वर्षांत इतक्या हळू आवाजात तो बोलला नव्हता. "अगं, बघ तरी. थरथरतेय बिचारी. आपल्याकडे राहील ना गं ही?"

बायको चपला घालून फाटकापाशी उभी होती. तिनं कोंबडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

बाईंनी रिकामी टोपली उचलली. "चला काकू, वाटेत स्टेशनवर सोडते तुम्हाला. घरात एकटंच राहणाऱ्या माणसाला आम्ही कोंबड्या देत नाही खरं तर, पण तुम्ही म्हणालात तसंच आहे. काका सांभाळतील."