बदली आई

सुवर्णाचं बाळ काल पहिल्यांदा "आई" म्हणालं. मग घरच्यांनी ठरवलं, की असं काही झालंच नाही.

कारण ते बदलीकडे बघून म्हणालं होतं.

कामगाराला बाळंतपणाची पगारी रजा दिली, की छोट्या दुकानदाराला सरकारकडून बदली मिळायची. हुबेहूब सुवर्णासारखं यंत्र, आवाजसुद्धा तिचाच. पण सुवर्णा कामाला होती त्या हेमलताकाकूंच्या पोळीभाजी केंद्रात गिऱ्हाइकांनी बदलीच्या पोळ्या परत केल्या. फारच गोल होत्या.

"अगं, असंच चाललं तर कुलूप लागेल," काकू म्हणाल्या. "तू ये, तिला घरी बसव. रजा काय, तुझ्या नावावर आहेच की."

सुवर्णा कामावर गेली. घरी बदलीनं दुपटी धुतली, अंगाई म्हटली, एकदाही चिडली नाही.

आज संध्याकाळी सुवर्णानं बाळाला उचललं, तर ते रडत बदलीकडे झेपावलं.

"अनोळखी माणसाला घाबरतं हो," बदली सुवर्णाच्याच आवाजात म्हणाली. "होईल सवय, ताई."

सुवर्णानं कणकेचे हातही न धुता अर्ज लिहिला: "मा. रजा अधिकारी, माझी रजा यंत्राने उपभोगली आहे. तरी बाळास पुन्हा नवजात करून सदर रजा मला नव्याने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."